लाल चिंधीची काठी

मित्रांनो, सांबऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला माळावर एक छोटं गोल्फचं मैदान आहे. तिथल्या सामानाच्या खोलीतल्या लाकडी पेटीत मी पडून असते. मी एक जुनी काठी आहे. दांडा पोलादी, पातं लोखंडी, मुठीला चामडं आणि पात्यावर सातचा आकडा. इतर काठ्यांसारखीच मी. फरक एवढाच, की माझं पातं दुसऱ्या बाजूला वळलेलं आहे. मी डावऱ्या माणसासाठी घडवलेली काठी आहे.

बेळगावच्या छावणीतले एक डावरे कर्नलसाहेब माझे पहिले धनी. आमचं मैदान म्हणजे नऊ होल, चेंडू पाडायची नऊ भोकं. त्यातलं सगळ्यात लांबचं दीडशे पावलांवर. कुठंही हिरवळ नाही, सगळा मुरूम, आणि भोकाभोवती तेल चोळलेली काळी वाळू. एवढ्याशा मैदानाला कर्नलसाहेब मला एकटीलाच घेऊन निघायचे. मीच उडवायची, मीच ढकलायची. लोक म्हणायचे, "साहेबांची काठी लई गुणाची!" तेव्हा मला थोडा गर्व झाला होता, हे कबूल करते.

१९७१ साली साहेब निवृत्त होऊन गावी गेले आणि मला मैदानाला देऊन गेले. तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले. मैदानाची देखभाल करणारा मष्णू माणूस वाईट नव्हता, पण त्याला माझा उपयोगच कळेना. त्यानं मला घेऊन चिंचा पाडल्या, साप हाकलले, एकदा तर तुंबलेली मोरीसुद्धा मोकळी केली. नवख्यानं चुकून मला उचलू नये म्हणून त्यानं माझ्या मानेला एक लाल चिंधी बांधली. 'उलटी काठी' असं माझं नाव पडलं. आपण उलटे नाही, हे ओरडून सांगावंसं वाटायचं. पण काठीला तोंड कुठलं?

१९७९ च्या दिवाळीनंतर मैदानाच्या खोलीत टेलिफोन आला. तो बसवायला टेलिफोन खात्याचे तरुण इंजिनिअर आले होते. त्यांचं नाव मायाप्पा. निपाणीच्या बौद्ध वस्तीतले पहिले इंजिनिअर. काम संपलं तरी ते तासभर कुंपणाशी उभे राहून उडणारे चेंडू बघत होते. मैदानाचे सेक्रेटरी मारुतीराव मोकळ्या स्वभावाचे. ते म्हणाले, "अहो, नुसते बघता काय? या रविवारपासून."

मैदानाचा नियम मात्र कडक होता. नवशिक्यानं पेटीतून चार काठ्या निवडायच्या आणि महिनाभर त्याच वापरायच्या. शेवटच्या रविवारी मारुतीरावांसमोर साठ टोल्यांत नऊ होल पुरे केले, तर तो सभासद. नाही तर पुन्हा वर्षानं.

निवडीचा तो रविवार मला आजही आठवतो. मष्णूनं पेटी उघडली. मायाप्पांची नजर आधी मोठ्या डोक्याच्या चकचकीत लाकडी काठीवर गेली. सगळ्याच नवख्यांची जाते.

"ती र्‍हाऊ द्या, सायेब," मष्णू म्हणाला. "ती लांबच्या मैदानाची. हितनं मारला तर चेंडू सांबऱ्याला जाऊन हुडकाया लागंल. पाच, सात, नऊ घ्या, आन् ढकलायला ही पटर. ताठ हुबं र्‍हाऊन बघा. वाकाया लागलं तर ती तुमची न्हवं."

मायाप्पांनी पेटीत हात घातला. डावा हात, मित्रांनो! तो सरळ माझ्यावर पडला. त्यांनी मला उचललं, बोटं चामड्यावर आपोआप बसली आणि आठ वर्षांनी मला कुणीतरी नीट धरलं. माझ्या अंगावर काटा आला असता, पण मी लोखंडाची.

तेवढ्यात ते दचकले. चोरी पकडली गेल्यासारखं त्यांनी मला घाईनं उजव्या हातात घेतलं. साहजिकच माझं पातं चेंडूकडे पाठ करून उभं राहिलं.

"ती न्हवं सायेब, उलटी हाय ती," मष्णू हसला. "लाल चिंधी बघा की."

मी पुन्हा पेटीत गेले. उजवी सात नंबरची काठी त्यांच्याबरोबर गेली.

पेटी उघडीच असायची, महिनाभर मी तिच्यातून दाराच्या फटीतून बघत होते. हे गृहस्थ टेलिफोनची बारीक तार डोळे मिटून जोडत असतील, पण इथं त्यांचा चेंडू हलता हलेना. दहातले चार टोले मुरमात. मष्णू बिचारा सांगून दमला. कधी टेलिफोनचा नट आवळायला, कधी चेंडू उचलायला त्यांचा डावा हातच आधी पुढं व्हायचा आणि दर वेळी ते त्याला मागं घ्यायचे. त्यांची काठी इथं पडून आहे हे मला दिसत होतं आणि मी काहीही करू शकत नव्हते. तसं असहाय मला साप हाकलतानाही वाटलं नव्हतं.

शेवटच्या रविवारी मायाप्पांनी निपाणीहून आईला आणलं. कोंडाबाई तिचं नाव. सारी उमर तंबाखूच्या वखारीत गेलेली, हाताची बोटं पिवळी पडलेली. लेक साहेबलोकांत खेळतोय हे बघायला ती नवं लुगडं नेसून सातव्या होलजवळच्या बाकावर ताठ बसली होती.

पाच होलांत चौतीस टोले झाले. सहाव्याला दुसऱ्या टोल्यानंतर चेंडू दगडी कुंपणाला असा चिकटला, की उजव्या हातानं खेळणाऱ्याला उभं राहायलाच जागा नाही. मारुतीरावांनी हनुवटी खाजवली. मष्णू पळत खोलीत आला, मला घेऊन गेला. "सायेब, हिथं हीच चालंल. बघा जमतंय का."

"घ्या, घ्या," मारुतीराव म्हणाले. "अडचणीत मैदानाची काठी चालते."

मायाप्पा डाव्या बाजूनं उभे राहिले. कुणी शिकवलं नव्हतं तरी खांदा बरोबर वळला. माझ्या पात्याच्या मधोमध चेंडू लागला, टण्ण! चेंडू बाभळीवरून गेला आणि भोकापासून दोन हातांवर थांबला. मारुतीरावांनी टाळ्या वाजवल्या. पुढचा टोला पटरनं, चेंडू भोकात. अडतीस झाले. उरले तीन होल आणि बावीस टोले.

"अहो, तुम्ही डावरे आहात!" मारुतीराव म्हणाले. "पुढचं याच काठीनं खेळा. माझी काही हरकत नाही."

मायाप्पा हसले. तसं हसताना मी त्यांना महिन्याभरात पाहिलं नव्हतं. मला डाव्या हातात घेऊन ते सातव्या होलकडे चालत आले. समोर बाकावर आई.

कोंडाबाई रागावली नाही. सवयीनं, हळूच, एवढंच म्हणाली, "मायाप्पा, हात."

ते थांबले. माझ्या मुठीवरची बोटं एकेक करून सुटली. त्यांनी मला मष्णूकडे दिलं आणि उजवी काठी घेतली.

सातव्याला सात टोले. आठव्याला आठ. नवव्यालाही आठ. एकूण एकसष्ट.

मारुतीराव हळहळले, पण नियम त्यांनीच केलेला. "पुढच्या वर्षी या," म्हणाले. मायाप्पा हातपाय धुवायला नळावर गेले. कोंडाबाई पाणी प्यायला खोलीत आली. मी दाराशीच टेकून उभी होते.

"हीच न्हवं ती काठी?" तिनं आत सामान लावणाऱ्या मष्णूला विचारलं. "उलटी का केलीया?"

"उलटी न्हाय, मावशी," मष्णू म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाला. "डाव्या हाताची हाय."

"डाव्या हाताची बी करत्यात?"

"व्हय. मुद्दाम करून घेत्यात."

तिचा तांब्या हातातच राहिला. "मला कुणी सांगितलंच न्हाय रं," ती म्हणाली. "वखारीत जाताना पदराची चिंधी फाडून मी त्येचा डावा हात पाठीला बांधून जायाची. लई रडायचा. म्हटलं, आपल्याला नावं ठिवायला लोक आधीच टपल्यात, त्यात ह्यो डावरा. सायेब हुयाचा आसंल तर नीट दिसाय पायजे. आन् हिकडं लोक डाव्या हाताची काठी करून घेत्यात!"

तिनं तांब्या खाली ठेवला आणि माझ्या मानेवरची लाल चिंधी चाचपली. गाठ आठ वर्षांची, घट्ट बसलेली. पिवळ्या बोटांनी सुटेना, तेव्हा तिनं दातांनी सोडवली.

"आई, चल. निपाणीची गाडी चुकंल," दारात मायाप्पा उभे होते. त्यांनी मला पाहिलं, तिच्या मुठीतली चिंधी पाहिली. मग त्यांनी तिची पिशवी घ्यायला हात पुढं केला. डावा होता. लक्षात येताच ते तो मागं घेऊ लागले, तर कोंडाबाईनं पिशवी त्याच हातात दिली.

मला वाटलं, पुढच्या वर्षी ते नक्की येतील. दोन महिन्यांत त्यांची गुलबर्ग्याला बदली झाली. आता १९८६ चालू आहे. ते आले नाहीत.

मित्रांनो, माझा गंज पुसा, चामड्याला तेल लावा, असं मागणं मी मागत नाही. कधी या मैदानावर आलात तर चकचकीत काठीला भुलू नका. पेटी उघडल्यावर तुमचा कुठला हात आधी पुढं होतो तेवढं बघा आणि त्याला अडवू नका. तुमच्या धाकट्या भावंडाचा डावा हात पुढं झाला, तर त्याचाही अडवू नका.

मष्णूनं मला पुन्हा चिंधी बांधलेली नाही. नवखा आला की तो मला आता पेटीत सगळ्यांच्या वर ठेवतो. "बघा सायेब, ही बी हाय," म्हणतो. अजून कुणी उचललेलं नाही.