तिचं एकच पान

बत्तीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांवर लाल खूण करायची, हेच काम. निवृत्त झालो, पण खोड गेली नाही. तपासायला छापील मजकूर मिळेना, तेव्हा मी माणसं तपासायला लागलो, त्यातही तरुण. कोण रस्त्यात मोठ्याने फोनवर बोलतो, कोण दारात पाय पसरून बसतो, कोण म्हाताऱ्यांना धक्का देऊन पुढे जातो. संध्याकाळी घरी आलो की बायकोला दिवसभराच्या चुकांची यादी ऐकायला लागायची. शेवटी ती वैतागून म्हणाली, "मला काय सांगता? लिहा आणि पाठवा कुठेतरी."

मी लिहिलं. तीन पानांचं पत्र, सार्वजनिक ठिकाणच्या वागणुकीबद्दल. वर्तमानपत्रांना, शाळांच्या मुख्याध्यापकांना, बसच्या व्यवस्थापकांना, अशा बारा ठिकाणी पाठवायचं ठरवलं. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं, म्हणून बायकोला वाचून दाखवलं, "आजच्या मुलांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द शेवटचा कधी ऐकला, ते आठवून पाहा."

"तुमच्या तोंडून कधी ऐकला, तेही मला आठवत नाहीये," भाजी निवडत ती म्हणाली. मी तिकडे काणाडोळा केला.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक मशीन, एक काउंटर आणि ते चालवणारी बाई. काउंटरजवळ एक मुलगी उभी होती, अठरा-एकोणीस वर्षांची. तिचे कागद काउंटरवर पसरलेले, शेवटचं पान ती बाई मशीनवर ठेवायच्या बेतात. मागे आणखी दोघंतिघं होते.

मी सरळ पुढे गेलो. "जरा आधी माझं करून द्या. गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही."

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. रोज सकाळी मी तासभर चालतो.

"तिचं एकच पान राहिलंय, काका," दुकानवाली म्हणाली.

"म्हाताऱ्या माणसाला तिष्ठत ठेवायचं, हीच पद्धत झाली आहे हल्ली," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो.

मुलगी लगेच बाजूला झाली. "असू दे ताई. आजोबांचं होऊ दे आधी." कोपऱ्यातलं स्टूलही तिने माझ्याकडे सरकवलं. मी त्याच्यावर बसलोसुद्धा. माझी फाइल मी काउंटरवर टाकली, तिच्या कागदांवरच.

तीन पानं, बारा प्रती. दहाव्या प्रतीपर्यंत सगळं सुरळीत चाललं, मग मशीनने कागद गिळला. दुकानवालीने झाकण उघडलं, आत हात घातला, चुरगळलेले तुकडे ओढून काढले, पुन्हा सुरू केलं, तर पुन्हा तेच. मुलगी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. एकदा अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, मध्ये माझं एक पान काढून घेऊ का? नर्सिंग कॉलेजची खिडकी पाचला बंद होते. फॉर्मचा आज शेवटचा दिवस आहे."

"एवढी घाई होती तर सकाळी उठून यायचं," मी म्हणालो. "शेवटच्या दिवशी जागं व्हायचं आणि दुसऱ्यांना घाई करायची."

मागचे हसले. खरं सांगायचं तर त्या हसण्याने मला बरं वाटलं. मुलीचा चेहरा लाल झाला.

"चुकलं, आजोबा," ती म्हणाली.

समोर काउंटरवर त्याच पत्राच्या प्रती पडल्या होत्या, तेच वाक्य छापलेल्या, आणि माझ्या काही लक्षात आलं नाही. आयुष्यभर इतरांच्या काना-मात्रा शोधणाऱ्या माणसाची ही तऱ्हा. बाराही प्रती झाल्या तशी मी काउंटरवरचे कागद गोळा केले, फाइल काखोटीला मारली आणि थाटात बाहेर पडलो.

घरी चहा घेताना सवयीने पानं मोजली. छत्तीस प्रती, तीन मूळ पानं. एकूण एकोणचाळीस हवीत, भरली चाळीस. चाळिसावं पान जाड कागदाचं होतं, शिक्का आणि सही असलेलं. त्या मुलीची मूळ गुणपत्रिका.

घड्याळात साडेचार वाजले होते.

"काय झालं?" बायकोने विचारलं. "तोंड का उतरलं?"

"कुणाचा तरी कागद आलाय माझ्याबरोबर. देऊन येतो." एवढंच बोलून मी चपला घातल्या.

कॉलेज अर्ध्या तासाच्या वाटेवर. वाहन मिळेना, म्हणून मी चालत सुटलो, आणि शेवटी शेवटी तर चक्क पळालो. गुडघ्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. वाटेत गुणपत्रिका वाचत होतो. सगळ्या विषयांत उत्तम गुण, जीवशास्त्रात सगळ्यात जास्त. पोरगी नर्स व्हायची आणि तिचा कागद माझ्या शिष्टाचाराच्या पत्रांमध्ये अडकून बसलेला. मला स्वतःची लाज वाटत होती. पण तेव्हा अजून आशा होती, म्हणून ती लाज सोसवत होती.

पोचलो तेव्हा पाच वाजून चार मिनिटं झाली होती. व्हरांड्यात पंधरा-वीस माणसं होती, मुलं आणि त्यांचे आईबाप. खिडकी अर्धी लोटलेली. आत कारकून फाइली बांधत होता आणि बाहेर ती मुलगी गज धरून उभी.

"सर, प्रत आहे ना. मूळ उद्या सकाळी आणून दाखवते."

"मूळ बघितल्याशिवाय फॉर्म घेता येत नाही. किती वेळा सांगू? आपला कागद सांभाळता येत नाही, उद्या पेशंट कसे सांभाळणार?"

"ही घ्या," मी धापा टाकत म्हणालो आणि गुणपत्रिका पुढे केली.

मुलीने माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. कारकुनाने कागद घेतला, उलटसुलट पाहिला, मग घड्याळाकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता, दिवसभराच्या गर्दीने कावलेला होता. मी वयस्कर, म्हणून आवाज मऊ करून म्हणाला, "काका, वेळ तर संपली. पण मोठे साहेब अजून वर आहेत. हिचा हलगर्जीपणा नसेल, दुसऱ्या कुणाच्या चुकीने उशीर झाला असेल, तर त्यांना विचारून बघतो. तुम्हाला कुठे मिळाली ही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. फक्त एवढंच म्हणायचं होतं की मी रांग मोडून घुसलो, खोटं बोललो, आणि तिचा कागद मीच उचलून नेला. चुकलं. तिने दुपारी किती सहज म्हटलं होतं, तेही तिची काही चूक नसताना.

"रस्त्यात," मी म्हणालो. "दुकानाच्या पायरीशी पडली होती."

"बघ," कारकून तिला म्हणाला. "रस्त्यात पाडतेस." त्याने गुणपत्रिका परत केली आणि खिडकी लावून घेतली.

तिने डोळे पुसले, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही एवढ्या लांब चालत आलात माझ्यासाठी? तुमचे तर गुडघे दुखतात." मला बाकावर बसवून ती पाणी घेऊन आली. मी ते पाणी प्यायलो. तिचं वर्ष मी बुडवलं होतं, आणि तिने आणलेलं पाणी मी पूर्ण संपवून पेला तिच्या हातात दिला.

"मिळाली का ती पोरगी?" घरी बायकोने विचारलं.

"मिळाली."

"झालं तिचं काम?"

"झालं," मी म्हणालो. त्या दिवसातलं हे तिसरं खोटं.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी कॉलेज उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो आणि कारकुनाला काय घडलं ते सगळं सांगितलं, दुकानापासून पायरीच्या थापेपर्यंत. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"यादी काल संध्याकाळी गेली, काका," तो म्हणाला. "साहेब सहापर्यंत होते. काल मी विचारलं होतं ना तुम्हाला?"

आवाज जराही चढवला नाही त्याने. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

ती पत्रं मी फाडून टाकली. मुलगी आता आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांच्या दुकानात काम करते, पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरणार आहे. तिच्याशी खरं बोलायचं म्हणून मी चार वेळा गेलो. चारही वेळा दुकानात गिऱ्हाईकं होती, मी म्हातारा दिसलो म्हणून त्यांनी मला पुढे जाऊ दिलं, आणि पुढे गेल्यावर ती हसून विचारते, "आजोबा, गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत," मी म्हणतो. ती मलमाची ट्यूब काढून देते, कशी लावायची तेही समजावते. घरी कपाटात तशा चार ट्यूबा आहेत, एकीचंही झाकण उघडलेलं नाही.