दाराच्या फळीचं स्टूल

मिस्त्रींनी जन्मभर गल्लीच्या बुडाखाली लाकूड सरकवलं, असं शेजारचा शिंपी म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. शिंपी स्वतः त्यांच्याच स्टुलावर बसून मशीन चालवायचा. कोपऱ्यावरचा चहावाला, समोरचा घड्याळजी, शाळेच्या फाटकावरचा रखवालदार, जो तो मिस्त्रींच्याच स्टुलावर टेकलेला. उभी होती ती फक्त मिस्त्रींची बायको. स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी ती उभ्याने म्हातारी झाली.

"तुझं करतो की," मिस्त्री म्हणायचे. "घरचंच काम आहे, पळून थोडंच जातंय?"

पळून जात नाही म्हणूनच घरचं काम मागे पडतं. पुढे बायकोचे गुडघे गेले. मग एका जिन्यासाठी, एका कपाटासाठी, कुणाच्या तरी खिडक्यांसाठी ते आणखी मागे पडलं, आणि शेवटी मिस्त्रीच गेले.

थोरली लेक तेव्हापासून माहेरीच होती. ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिथे फोन करून तिने रजा वाढवून घेतली होती, आणि का वाढवली हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. रडून झालं होतं. भेटायला येणारे येऊन गेले होते. आता नुसता थकवा उरला होता. तो झोपेने जात नव्हता, उलट झोपून उठलं की जास्तच जाणवायचा. धाकट्याने ठरवून टाकलं होतं की आई त्याच्याकडे राहील. उद्या सकाळी टेम्पो येणार. मिस्त्रींचा एक जुना सोबती हत्यारं आणि कामाचं बाक घेऊन जाणार. मग घराला कुलूप.

स्वयंपाकघर आणि कारखाना यांच्यामध्ये दार नव्हतं. कारखाना म्हणजे तरी काय, घराचीच मागची खोली. दार पूर्वी होतं. मिस्त्रींना ऐकू येईनासं झालं तेव्हा त्यांनीच ते काढून ठेवलं होतं. आता त्या रिकाम्या चौकटीवर आईने एक जुनी चादर अडकवली होती. मिस्त्री गेल्यापासून आई त्या चादरीच्या पलीकडे एकदाही गेली नव्हती.

हत्यारं खोक्यात भरायला थोरली आत गेली, तेव्हा बाकावर ते दिसलं. चार पाय रंधून गुळगुळीत केलेले, एका अंगाला ओळीने निजवलेले. शेजारी बसायची फळी, तिला चार तिरपी भोकं. प्रत्येक पायाच्या वरच्या टोकाला भोकात बसणारी निमुळती कूस काढलेली, कुशीच्या डोक्यात करवतीने दिलेली चीर. सगळं तयार होतं, फक्त त्या चिरांत ठोकायच्या पाचरी नव्हत्या. फळी तिने हातात घेतली आणि ओळखली. एका कडेला कडीचा जुना डाग होता. दाराची फळी.

खोकं ठेवायला जागा करावी म्हणून तिने भिंतीला टेकवलेले तुकडे बाजूला केले. त्यांच्या मागे, तोंड भिंतीकडे करून ठेवलेली, तशीच आणखी एक फळी निघाली. तिच्यात एक पाय बसवलेला होता. पाचरही ठोकलेली होती. आणि त्या भोकापासून थेट कडेपर्यंत फळी उभी चिरलेली होती.

थोरलीने ती पुन्हा होती तशी भिंतीकडे वळवून ठेवली. नंतर स्वयंपाकघरात जाऊन डबे पुसू लागली.

"आई, बाबा स्टूल करत होते."

"ते कायम स्टूलच करायचे."

"तुझं. ओट्याच्या उंचीचं आहे."

आई डब्याचं झाकण पुसत राहिली. पुसून झालेलं झाकण तिने पुन्हा पुसलं. "असेल," म्हणाली.

"मी पुरं करते."

"कशाला? धाकट्याच्या घरी खुर्च्या आहेत. चाकं लावलेल्या. बसलं की माणूस भलतीकडेच जातं."

"तरी करते."

"कर बाई. लहानपणापासून पाचरी मारायची हौसच तुला."

तसं म्हणायचा आईला हक्क होता. मिस्त्रींनी घरात प्रत्येकाला कामाचा एकेक तुकडा वाटून दिला होता. थोरलीकडे पाचरी, कारण तिची बोटं बारीक होती आणि तिला घाई नसायची. धाकट्याकडे स्टूल धरून ठेवायचं काम, कारण त्याला दुसरं काही देण्यात अर्थ नव्हता. पूर्ण स्टूल फक्त मिस्त्रींच्या डोक्यात असायचं. आईकडे काम आलं ते सगळ्यांत शेवटी, आणि ते कुणी वाटून दिलं नव्हतं.

पाचर चिरेत उतरत असते तोवर घावाचा आवाज बद्द येतो. ती पुरती बसली की आवाज पालटतो, टणक होतो, दगडावर मारल्यासारखा. तिथे थांबायचं. त्यापुढे एक घाव जास्त पडला की फळी चिरलीच. मिस्त्रींनी तीस-पस्तीस वर्षं हे कानाने ओळखलं. कान गेले तेव्हा म्हणाले, हाताला कळतं. नाही कळलं. मग त्यांनी दार काढलं. लाकडी मोगरीचा एक घाव घालायचा आणि चौकटीतून ओट्याकडे बघायचं. आईची पाठ तशीच दिसली तर पुढचा घाव. आवाज पालटला की आई हात वर करायची, पिठाचा असो, साबणाचा असो, आणि मिस्त्री मोगरी खाली ठेवायचे. दिवसभरात त्यांचं एवढंच बोलणं व्हायचं असं लोक हसून म्हणायचे. थोरलीला तर वाटायचं, बऱ्याच घरांत एवढंही होत नाही.

तिने बाकाशी बसून पाचरी तासायला घेतल्या. पटाशी अजून धारेवर होती. पहिल्या दोन जाड झाल्या, तिसरी बरी उतरली. हात विसरला नव्हता, पण दमत होता. मधेच थांबून ती नुसती खिडकीकडे बघत बसायची, मग पुन्हा सुरू करायची. चार चांगल्या पाचरी व्हायला दुपार कलली.

धाकटा दोऱ्या घेऊन आला आणि चौकटीतच थबकला. "ताई, हे काय काढून बसलीस? अजून भांडी बांधायची आहेत."

"ये, धर."

"स्क्रू मारू या का? चार स्क्रू, पाच मिनिटांचं काम."

"बाबांनी ऐकलं असतं तर..."

"त्यांना कुठे ऐकू यायचं?" धाकटा म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याचा चेहरा पडला. मग तो निमूटपणे येऊन बसला आणि लहानपणी धरायचा तशी फळी दोन्ही गुडघ्यांत धरली. आता त्याचे गुडघे फार मोठे झाले होते.

पाय एकेक करून भोकांत बसवले. तीन सरळ गेले. चौथ्याची कूस मिस्त्रींनी थोडं काम राखून जाड ठेवली होती. थोरलीने ती पटाशीने जराजरा खरवडली, बसवून पाहिली, काढली, पुन्हा खरवडली. सरस लावला. पहिल्या चिरेत पाचर ठेवली, फळीच्या रेघांना आडवी. एवढं तिला पक्कं माहीत होतं. मग मोगरी उचलली.

तीन घाव घातले आणि ती थांबली.

धाकट्याने पाय हलवून पाहिला. "डुगडुगतोय. मार अजून."

तिने आणखी एक घातला. आवाज बद्द होता की टणक? तिला कळेना. ओळीत निसटलेला अनुस्वार तिच्या नजरेतून सुटत नसे, पण हा कानाचा मामला होता आणि लहानपणी तिने कान दिलेच नव्हते. पाचरी करून झाल्या की ती पुस्तक घेऊन माळ्यावर जायची.

"मार ना."

"फुटली तर दुसरी फळी नाही. दाराच्या दोनच निघाल्या. एक फुटली."

"कधी?"

तिने भिंतीकडे मान वळवली. धाकट्याने वाकून ती फळी वळवून पाहिली. त्यालाही हिशेब लागला असावा. त्याच्या बायकोच्या बाळंतपणाला आई त्याच्याकडे गेली होती. मागे मिस्त्री एकटे होते. आई परतायच्या आत स्टूल करून ठेवायचं त्यांच्या मनात असणार. घाव घालून त्यांनी चौकटीतून ओट्याकडे पाहिलं असेल, सवयीने. ओट्यापाशी कुणी नव्हतं. एक फळी फुटल्यावर त्यांनी दुसरी घेतली, पाचरींपर्यंत आणली, आणि तिथेच बाकाशी पडले. शिंपी कात्रीला धार लावून घ्यायला आला तेव्हा सापडले.

"आई," थोरलीने चादरीकडे तोंड करून हाक मारली. "जरा ऐकतेस का?"

पलीकडे नळ सुटला.

"आई, नळ बंद कर ना."

"भांडी कोण घासणार, तुझे बाबा?"

"घासलेली आहेत सगळी. मीच घासली."

नळ चालूच राहिला. मग भांड्यांचा आवाज येऊ लागला. एकात एक घातलेली पातेली आई पुन्हा सुटी करत होती. थोरली उठली नाही, उठायचं त्राणच नव्हतं. मोगरी मांडीवर घेऊन ती तशीच बसून राहिली. धाकट्याने फळी धरून ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने सोडू का म्हणून विचारलं नाही.

बऱ्याच वेळाने नळ बंद झाला.

"ती फुटलेली," चादरीमागून आईचा आवाज आला, "कुठल्या अंगाने फुटलीय?"

"भोकापासून कडेपर्यंत. सरळ."

"म्हणजे दोन घाव तरी जास्त पडले." एक पातेलं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. "मी तिकडे बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. बसायला मिळालं म्हणून बरं वाटत होतं मला."

थोरलीने इतकी पुस्तकं वाचली होती, त्यांतलं काही इथे चालण्यासारखं नव्हतं. "आई," ती म्हणाली, "सरस सुकतोय."

"मग मार की. माझ्या तोंडाकडे काय बघतेस? मी दिसतेय का तुला?"

तिने घाव घातला.

"मार."

पुन्हा घातला.

"हळू. मार."

तिसऱ्या घावाचा आवाज तिला आधीच्यासारखाच वाटला. पण पलीकडून "बास" आलं, आणि तिने मोगरी खाली ठेवली. धाकट्याने पाय हलवून पाहिला. पाय हलला नाही. फळी अखंड होती.

दुसरी पाचर तशीच गेली. तिसरीला धाकट्याचा पाय बधिर झाला म्हणून थांबावं लागलं. "स्क्रू बरा होता," तो पुटपुटला, आणि आई पलीकडून म्हणाली, "तू धर गप. तेवढंच येतं तुला." घरात इतक्या दिवसांत कुणी कुणाला टोमणा मारला नव्हता. धाकट्याला बरं वाटलेलं दिसलं.

चौथी पाचर. एक घाव. "मार." दुसरा. "मार." तिसरा.

मग काहीच आलं नाही.

थोरली वाट पाहत राहिली. मोगरी उचललेली, नजर पाचरीवर. पुढचा घालायचा की नाही? आई रडत असेल, नाहीतर उठून गेली असेल. तिने मोगरी आणखी थोडी वर घेतली, आणि मग, का कोण जाणे, बाबांसारखं चौकटीकडे पाहिलं.

चादर एका अंगाला सरकलेली होती. आई ओट्याला टेकून उभी होती, पाठमोरीच, आणि तिचा ओला हात वर होता.

थोरलीने मोगरी सावकाश बाकावर ठेवली. हात तरीही खाली येईना. मग तिच्या लक्षात आलं की आईला कळायचं कसं, आणि ती म्हणाली, "थांबले गं." तेव्हा कुठे आईने हात खाली घेतला आणि पदराला पुसला.

कुशींची वर आलेली टोकं आणि पाचरींची डोकी तिने करवतीने फळीलगत कापली. स्टूल जमिनीवर उभं केलं तर ते किंचित डुललं. पाय खालून सारखे कापायचे राहिले होते. ते काम घरात कुणालाच वाटून दिलेलं नव्हतं. धाकट्याने कागदाची घडी करून एका पायाखाली सरकवली.

"सकाळपर्यंत बसू नकोस," थोरली म्हणाली. "सरस वाळू दे."

"मी कुठे बसतेय?" आई म्हणाली.

सकाळी टेम्पो आला. मिस्त्रींचा सोबती आणि धाकट्याने मिळून बाक बाहेर काढलं. ते चौकटीतून जाईना, तिरपं करावं लागलं. खोकी गेली, मोगरी गेली. थोरली केरसुणीने भुसा गोळा करत होती. बायका पहाटेच आवरतात तसं आईने सगळं आवरलं होतं, पण एक पातेलं आणि चार कप तिने बांधू दिले नव्हते.

धाकटा घाम पुसत आत आला. "आई, चल. टेम्पोवाला घाई करतोय."

आई ओट्यापाशी होती. चहा उकळत होता. तिच्या पाठीमागच्या चौकटीवरची चादर रात्रीच कुणीतरी घडी करून ठेवली होती, आणि पलीकडची खोली रिकामी दिसत होती. स्टूल एका बाजूला जरासं कललं, पुन्हा सरळ झालं.

"थांबू दे त्याला," ती म्हणाली. "मी आत्ता बसलेय."