नंबर कोणाचा

दशरथची आयडी बंद पडली ती माझ्यामुळे. हे मी कुणापुढे कबूल करणार नव्हते, पण आता सगळं होऊन गेलंय, तर सांगून टाकते. आयडी म्हणजे त्या ॲपवरचं ड्रायव्हरचं खातं. ते चालू असलं की फोन वाजतो, भाडं मिळतं. बंद झालं की दारातली गाडी नुसती धुवायची आणि पुसायची. दशरथ सतरा दिवस गाडी धूत होता. बावन्न वर्षांचा माणूस, स्टिअरिंगशिवाय दुसरं काही हातात धरलेलं नाही, आणि मुलीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. मला रात्रीचं जेवण गोड लागेना.

मी नंदा. कोथरूडला संपतशेठच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात एकवीस वर्षं फोनवर बसले. "नमस्कार, गाडी कुठे पाठवू?" एवढं बोलून बोलून घसा बसला, पण माझा आवाज अर्धं कोथरूड ओळखायचं. तोंडाने मी फटकळ आहे. लोक म्हणतात ते खोटं नाही.

संपतशेठ धायरीचे. तिकडची शेती बिल्डरकडे गेली आणि त्यातून शेठनी गाड्या घेतल्या. आधी तीन सुमो, मग इंडिका. माणूस मनाचा मोठा, पण कारभार सगळा घरचा. महाबळेश्वर, शिर्डी, मुंबईचं विमानतळ, असली लांबची भाडी भाच्यांना. दशरथ, आनंद, राकेश यांच्या वाट्याला स्टेशन आणि स्वारगेट. मी लागले त्याला तीन महिने झाले होते. एक दिवस दशरथ सकाळी सहाला येऊन बसला, तो दुपारी दोनपर्यंत तसाच. भाचेसाहेब अकराला डोळे चोळत आले आणि साडेअकराला शिर्डीला गेले. दशरथने डबा उघडला आणि भिंतीकडे तोंड करून जेवला. माझं डोकंच फिरलं.

माझे वडील खडकीच्या कारखान्यात होते. चाळीत पाण्याला रांग असायची. ते म्हणायचे, "नंदे, रांगेत कुणी आडनाव विचारत नाही, म्हणून रांग मोडायची नाही." आडनाव विचारलं की पुढे काय होतं ते त्यांनी त्यांच्या गावात पुष्कळ पाहिलं होतं. मी दुसऱ्या दिवशी एक फळी आणली, तिला ओळीने खिळे ठोकले. पत्र्याचे बिल्ले कापून घेतले, त्यावर गाड्यांचे नंबर रंगवले. गाडी आली की बिल्ला शेवटच्या खिळ्याला लागायचा, आणि भाडं पहिल्या खिळ्याचं.

शेठ आले, फळीकडे बघत उभे राहिले.

"हे काय हाय?"

"नंबर आहे. जो आधी आला त्याला आधी भाडं. मग ते शिर्डी असो नाहीतर स्वारगेट."

"आन् मालक कोण हाय हितं?"

"तुम्ही. पण फोन मी उचलते."

मला वाटलं, झालं, आता उद्यापासून घरी. शेठनी फळीवरचा एक बिल्ला काढून उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "लई शानी हायेस," आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःची गाडी घेऊन आले आणि स्वतःचा बिल्ला स्वतःच्या हाताने शेवटच्या खिळ्याला अडकवला. त्यांच्याआधी चार गाड्या होत्या. दीड तास बसले बिचारे. अशा माणसाला नावं तरी कशी ठेवायची?

ते दिवस आठवले की आजही जीव कासावीस होतो. सकाळी ऑफिससमोर धुतलेल्या गाड्यांची ओळ, खाली पाण्याचे ओघळ, कुणाच्या तरी डब्यातले पोहे सगळ्यांच्यात फिरताहेत. ऑफिसात शेठचा गणपती आणि शेजारी माझे बाबासाहेब. एकाच उदबत्तीत दोघांचं भागायचं. दसऱ्याला झेंडूच्या माळा आणि चौदा एप्रिलला माझ्याकडून सगळ्यांना पेढे. शेठचे भाचे पहिले हात पुढे करायचे.

फळीला एकच सूट होती. फोनवर 'दवाखाना' हा शब्द आला की नंबर बघायचा नाही. दारात जो असेल तो सुटायचा, आणि परत आला की त्याचा बिल्ला जिथे होता तिथेच. हा नियम कुणी केला आठवत नाही. आपोआप झाला.

मग ॲप आलं. लोक फोनवर बोट टेकवून गाडी मागवायला लागले आणि माझा फोन दिवसाला दोनदा वाजायचा, त्यातला एक राँग नंबर. शेठनी शटर ओढलं, वर्षभराने शेठही गेले. जिथे ऑफिस होतं तिथे आता केक मिळतात. पण पोरं, म्हणजे मी अजून पोरंच म्हणते, सगळ्यांच्या मिशा पिकल्यात, तिथेच गुलमोहराखाली गाड्या लावून बसतात. गाडी स्वतःची, भाडं मात्र ॲपचं.

आणि त्या ॲपला नंबर म्हणजे काय ते ठाऊक नाही. दशरथला लोक चांदण्या भरभरून द्यायचे, म्हणून पहिलं भाडं त्याच्याकडेच जायचं. आनंद सकाळी सहापासून बसलेला असला तरी त्याचा फोन मुका. शेवटी दशरथच एक दिवस माझ्या घरी आला. "नंदाताई, मला हे बरं दिसत नाही. आनंद बघत असतो आणि मी त्याच्यासमोरून गाडी काढतो. तोंड दाखवायला नको वाटतं."

तेव्हा गप्प बसायचं ना मी! निवृत्त बाई, चहा पाजून वाटेला लावायचं. पण नाही. मी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. सकाळी जो येईल त्याने 'आलो' लिहायचं, मी त्या क्रमाने लिस्ट टाकायची. भाडं भलत्याच्या फोनवर आलं तर त्याने रद्द करायचं. रद्द झालं की ते शेजारच्या गाडीकडे जातं. तिनेही रद्द करायचं, ज्याचा नंबर त्याच्याकडे पोचेपर्यंत. तेव्हा मला ती केवढी हुशारी वाटली होती! आठ महिने चाललं. आनंदची बायको मला भाकरी-पिठलं पाठवायची.

आणि मग सगळ्यात जास्त भाडी रद्द करणाऱ्या दशरथच्या फोनवर मेसेज आला: आपल्या खात्यावर संशयास्पद हालचाल आढळल्याने ते बंद करण्यात येत आहे. कस्टमर केअरवर मुलगी बोलते की मशीन, ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोघींनाही मी जे बोलायचं ते बोलून घेतलं. हल्ली ड्रायव्हरचं म्हणणं ऐकायला एक समिती बसते म्हणे, तिथे मी अर्ज लिहून दिला. अठराव्या दिवशी सुनावणी लागली. दशरथ स्वतःची गाडी घेऊन आला, तिथल्या तिथे आयडी चालू झाली तर असावी म्हणून. आनंद साक्षीला आला, मी त्याच्या गाडीत.

टेबलापलीकडे अधिकारी बाई, चष्मा कपाळावर चढवलेला. बाजूला कंपनीची शेफाली म्हणून मुलगी, लॅपटॉप उघडून. माझ्या भाचीच्या वयाची आणि बोलायला अगदी साखर.

"मॅडम, हे सगळे चालक आपसांत ठरवून राइड वाटून घेत होते. आमच्याकडे स्क्रीनशॉट आहेत. रोज सकाळी ही लिस्ट टाकली जाते." तिने पडदा आमच्याकडे वळवला. वर माझा फोटो, शेवंतीच्या कुंडीजवळचा. "चालक आमचे कर्मचारी नाहीत. ते स्वतंत्र व्यावसायिक आहेत. आणि स्वतंत्र व्यावसायिकांनी असा धंदा वाटून घेणं म्हणजे स्पर्धा मारणं आहे. कायद्याला ते चालत नाही."

"अगं बाई," मी म्हटलं, "स्वतंत्र आहेत ना? मग भाडं त्यांना ठरवू दे. ते तुम्ही ठरवता. कोणी कुठे जायचं, तुम्ही ठरवता. नाही गेला तर शिक्षा तुम्ही करता. आणि रजा, पेन्शन, आजारपण निघालं की लगेच स्वतंत्र! घरात घेताना जावई आणि जेवायला वाढताना परका, असं कसं चालेल?"

आनंद खुदकन हसला. अधिकारी बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "ताई, तुमचा मुद्दा मला पटतो. त्यावर वरती मोठी भांडणं चालू आहेत. पण आज माझ्यासमोर ते नाही, दशरथ यांची आयडी आहे."

"मग ती चालू करा. त्यांनी चोरी नाही केली. स्वतःच्या ताटातलं दुसऱ्याला दिलं."

शेफाली हळूच म्हणाली, "मॅडम, एक तक्रार वाचू का?"

तिने वाचली. सव्वीस तारीख, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. कोथरूडमधल्या एका सोसायटीतून डायलिसिसला जायला गाडी मागवली. पहिल्या चालकाने रद्द केली. दुसऱ्याने केली. तिसऱ्याने घेतली, पण गाडी जागची हलली नाही. पेशंट पंचवीस मिनिटं गेटजवळच्या कट्ट्यावर बसून होत्या. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचं मशीन दुसऱ्याला दिलेलं. नाव, मथुराबाई.

मथुराबाई! आमच्या फळीच्या पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. दर वर्षी बहिणीकडे लोणी काळभोरला जायच्या आणि येताना आमच्यासाठी पिशवीभर अंजिरं आणायच्या. त्यांनी नुसतं "हॅलो" म्हटलं तरी मला कळायचं, आज कुठे जायचंय आणि तब्येत कशी आहे.

"दशरथ," मी विचारलं, "कुणाचा नंबर होता त्या दिवशी?"

तो मान खाली घालून बसला होता. "राकेशचा, ताई. तो चहाला गेला होता, फोन गाडीत ठेवून. भाडं आधी माझ्याकडे आलं, मी रद्द केलं. मग आनंदने केलं. राकेशच्या फोनवर ते आपोआप घेतलं गेलं. आम्हाला वाटलं, येईलच तो."

"आणि पेशंट आहे हे?"

"ॲपवर ते कुठे दिसतं? नुसतं नाव आणि ठिकाण. मथुराबाई आहेत हे वाचलं मी. वाटलं, देवळात चालल्या असतील."

म्हणजे तीन गाड्या तिथून तीस पावलांवर, कोपऱ्याआड उभ्या. तिघंही भली माणसं. तिघंही माझा नियम पाळत होते, आणि म्हातारी उन्हात बसून होती. फळीपाशी मी असते तर एका हाकेत गाडी सुटली असती. पण आता हाक मारायला तिथे कुणी नव्हतं, नुसती माझी लिस्ट होती. मला इतकी लाज वाटली की त्या पोरीच्या डोळ्यांत बघवेना.

"मथुराबाई आता बऱ्या आहेत," शेफाली म्हणाली. खरंच बरी मुलगी होती. "दशरथजींचं रेकॉर्ड चांगलं आहे. त्यांनी इथे लिहून दिलं, की यापुढे माझ्याकडे आलेली राइड मी दुसऱ्यासाठी सोडणार नाही, तर कंपनी आजच आयडी चालू करेल."

कागद दशरथपुढे आला. त्याने वाचला. पुन्हा वाचला. मग पेन उचलायच्या ऐवजी माझ्याकडे बघायला लागला. अधिकारी बाईही माझ्याकडे बघायला लागल्या. मी सांगितलं असतं 'नको' तर तो उठला असता. मुलीचं वर्ष, गाडी, सगळं तिथेच ठेवून उठला असता. तो तसलाच आहे, आणि तसला त्याला मीच केलाय.

"सही कर," मी म्हटलं.

"ताई, पण आनंद..."

"सही कर म्हटलं ना! किती वेळ बसवणार आहेस सगळ्यांना?"

मी ओरडले, कारण हळू बोलले असते तर आवाज फुटला असता. त्याने सही केली.

बाहेर आलो. पार्किंगमध्ये पोचतो न पोचतो तोच त्याचा फोन वाजला. अठरा दिवसांनी. शिवाजीनगरहून हिंजवडी, चांगलं लांबचं भाडं. आनंदचा फोन सकाळपासून एकदाही वाजला नव्हता, आम्हा तिघांनाही ते ठाऊक होतं. दशरथचं बोट फोनवर तसंच राहिलं.

"घे की," आनंद म्हणाला. "बघतोस काय? परत बंद करायचीय का?"

दशरथ गेला. जाताना त्याने आमच्याकडे बघितलं नाही.

आनंद मला घरी सोडायला निघाला. डेक्कनला सिग्नल लागला. मग तो म्हणाला, "ताई, एक सांगू? रागावणार नसाल तर."

"सांग."

"उद्यापासून लिस्ट टाकू नका."

मी फोनवर तो ग्रुप उघडून बघितला.

"तुम्ही टाकली की आम्हाला मोडवत नाही हो," तो म्हणाला. "आणि आता मोडायला लागणार."

मला रडू आलं. एवढी वर्षं या माणसांवर मी खेकसले, उशिरा आले म्हणून, गाडी नीट पुसली नाही म्हणून, पण त्यांच्यासमोर कधी रडले नव्हते. तेवढ्यात डॅशबोर्डवरचा त्याचा फोन वाजला. दिवसातला पहिला. नळस्टॉपवरून कुणीतरी गाडी मागवत होतं. आनंदने फोन उलटा ठेवला. "जाऊ दे, आधी तुम्हाला सोडतो."

"काही नको," मी म्हटलं. "घे ते. तुझं आहे."

मी नळस्टॉपला उतरले आणि बसने घरी गेले.