टिबू माझा होता, गादीचा नव्हे

मित्रांनो, मला पायपुसणं म्हणू नका. तेवढं एक सोडून काय हवं ते म्हणा. मी गालिचा आहे. जुना, गोल, लोकरीच्या वेण्या घालून शिवलेला. माझ्या कडा विरल्या आहेत, दोन-चार टाके उसवले आहेत आणि माझ्या अंगाला कुत्र्याचा वास येतो, हे मला ठाऊक आहे. त्या वासाचा मला अभिमान आहे. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तुम्ही नाक मुरडायला नको. मी पक्का जळकुकडा आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या मेन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला, नदीकाठच्या एका बटाटे पिकवणाऱ्या गावात झाला. ओडीलबाईंचे यजमान आर्मां बटाटे काढणीच्या दिवसांत वारले. त्यांचे कपडे बाईंनी चर्चमधून वाटून टाकले, पण शिकारीचा लाल कोट काही त्यांच्या हातून सुटेना. तो कोट त्या कपाटात ठेवायच्या आणि पुन्हा बाहेर काढायच्या. शेवटी बर्फ पडायला लागल्यावर त्यांनी कात्री घेतली. लाल कोटाच्या पट्ट्या, स्वतःच्या निळ्या कोटाच्या पट्ट्या आणि एक करडं कांबळं. तिन्हींच्या वेण्या घातल्या आणि मधोमध लालचं वेटोळं धरून मला शिवत गेल्या.

आर्मांचा कुत्रा टिबू तेव्हा नुकता मोठा होत होता. मालक कुठे गेला म्हणून घरभर हुंगत फिरायचा, दाराशी बसून रडायचा. मी शिवून झालो. बाईंनी मला शेगडीपुढे अंथरलं. टिबू आला, त्याने माझं लाल वेटोळं हुंगलं, स्वतःभोवती गोल गोल फिरला आणि धपकन अंग टाकून दिलं. हनुवटी नेमकी लालवर. असा सुस्कारा सोडला की बाई ओट्यापाशी उभ्या होत्या त्या तोंडाला टॉवेल लावून रडल्या. त्या दिवसापासून टिबू माझा झाला.

मला कौतुकही मिळालं, मित्रांनो. चर्चच्या जत्रेत मला भिंतीवर टांगलं होतं. लोक थांबून वेण्या मोजत होते, एका बाईने तर माझ्यासाठी आपली रजई देऊ केली. मला मात्र घरी केव्हा जातो असं झालं होतं. टिबू एकटा होता ना! शेगडीजवळची लाकडं त्याला जास्त आवडली तर? जिन्याखालचा कोपरा आवडला तर? तो जरा दुसरीकडे लवंडला की माझ्या वेण्यांना पीळ पडायचा. असा माझा स्वभाव.

अशी बरीच वर्षं गेली. आता त्या रोझालीबद्दल सांगतो. रोझाली ही ओडीलबाईंची धाकटी बहीण, रस्त्यापलीकडच्या घरात राहणारी. आवाज मोठा आणि प्रत्येक गोष्टीवर मत तयार. गेल्या हिवाळ्यात ती आमच्या ओसरीच्या पायऱ्यांवर घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. ओडीलबाई पायऱ्यांवर शेगडीची राख टाकायच्या, जशी त्यांची आई टाकायची. पण त्या दिवशी विसरल्या होत्या. रोझालीने ते काही विसरू दिलं नाही. या हिवाळ्यात बर्फ पडताच ती बर्फ वितळवायच्या निळ्या खड्यांची भलीमोठी गोणी ढकलगाडीवर घालून घेऊन आली.

"राख बंद!" ती म्हणाली. "घरभर काळी पावलं उठतात तुझ्या राखेनं. हे टाकलं की झालं."

"अगं, पण केवढं टाकतेस! लोणचं घालायचंय का पायऱ्यांचं?"

"माझं मनगट मोडलं होतं, तुझं नाही."

ओडीलबाईंनी राखेची बादली आत नेऊन ठेवली. रोझाली रोज सकाळी यायची आणि ओंजळी भरभरून खडे टाकायची.

थोड्याच दिवसांत टिबूचं काहीतरी बिनसलं. तो सारखे पंजे चाटू लागला. बोटांच्या बेचक्यांत लाल लाल झालं, एक तळवा चिरला. भांडीच्या भांडी पाणी प्यायचा. मग फेस ओकायला लागला, पोटही बिघडलं. माझ्यावर पडून रात्रंदिवस चाटण्याचा तो आवाज मी ऐकत होतो, आणि मला हात नव्हते.

रोझालीला हात होते, आणि उपाय तर पोतंभर. जे काही करायचं ते घरचं आणि नैसर्गिक, असा तिचा बाणा. आधी ओट्स दळून कोमट पाण्यात कालवले आणि टिबूला टबात बसवलं. त्याला बरं वाटलं, डोळे मिटून बसला. मी जमिनीवर पडून त्या टबाकडे बघत होतो. काय ते नशीब पत्र्याच्या टबाचं! आजवर त्याने केलं काय होतं? बटाटे धुतले होते! नंतर पोटासाठी उकडलेला लाल भोपळा आणि मऊ भात आला. टिबूने वाडगं चाटून लखलखीत केलं आणि मला त्या वाडग्याचाही हेवा वाटला. व्हिनेगरचा बोळा मात्र चिरलेल्या तळव्याला लागताच तो असा ओरडला, की बाईंनी बाटली मोरीत ओतली.

अंगाची खाज तेवढ्यापुरती थांबायची, पोट जरा सावरायचं. टिबू पायऱ्या उतरून अंगणात जाऊन आला की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

"मी सांगू?" रोझाली कमरेवर हात ठेवून म्हणाली. "हे पायपुसणं आहे ना, हेच मूळ आहे. ह्यात पिसवा असणार, धूळ असणार, काय काय किडे असणार. जाळून टाक."

मी पायपुसणं! माझ्यात किडे! दर हिवाळ्यात बाई मला कोरड्या बर्फात पालथा घालून काठीने झोडतात. माझ्याइतकी आंघोळ त्या घरात कुणाची होत नव्हती.

"तो आर्मांचा कोट आहे, रोझाली."

"ठाऊक आहे मला! तू त्याच्याशी बोलत बसतेस तेही ठाऊक आहे. मी समोर राहते. पत्ते घेऊन वाट बघते. कुट्टूच्या पिठाची प्लोय धिरडी तव्यावर थंड होतात. पण तुला बसायचं असतं इथं, कोटाशेजारी! मी मेले तर माझी पण एखादी चटई शिवशील, मग बसशील माझ्याजवळ."

मी चकित होऊन पडलो होतो. ही बाई माझ्यावर जळत होती! माझ्यावर! आजवर जळण्याचं काम त्या घरात मी एकटाच करतो असं मला वाटायचं.

पण तिची कीव यायला मला सवड मिळाली नाही, कारण दुसऱ्याच दिवशी ती गादी घेऊन आली. फोमची, जाडजूड, पिस्त्याच्या रंगाची, चारी बाजूंनी उशा. शेगडीपुढे, माझ्या जागी, तिला ऐसपैस बसवलं. "कुत्र्यासाठी जीव टाकतेस ना? मग त्याच्या भल्याचं बघ," असं रोझाली म्हणाली. ओडीलबाईंनी स्वतः मला उचललं. वारा पडला की जाळायच्या पिंपात घालायचं ठरवून मला ओसरीच्या खालच्या पायरीवर टाकलं.

मित्रांनो, जळणं म्हणजे काय ते मला त्या पायरीवर कळलं. आगीचं नव्हे हो, ती अजून लागायची होती. मला दिसत होती ती आतली ऊब आणि तिच्यापुढे पसरलेली ती पिस्ता गादी. मी मनात म्हणालो, तुझ्या उशा फुटोत. तुझा फोम उंदीर नेवोत. खालून वितळलेलं निळं पाणी माझ्या वेण्यांत मुरत होतं, त्याचं मला भानही नव्हतं.

दुपारी दार उघडलं. टिबू बाहेर सोडला होता. तो लंगडत पायऱ्या उतरला, मला हुंगलं आणि त्या ओल्या गारठ्यात माझ्यावर गोल फिरून बसला. हनुवटी लालवर.

"टिबू, आत ये! अरे, गादी आहे ना आत!" बाई हाका मारून थकल्या. तो जागचा हलेना. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं बाबा, जिंकलास," आणि मला टिबूसकट ओढत घरात नेलं. गादी पायाने बाजूला सरकवली. पायानेच! ते दृश्य मी जन्मभर विसरणार नाही.

शेगडीपुढे मी वाळलो, तशी माझ्या निळ्या वेण्यांवर पांढरी खरपुडी उमटली. रोझाली चहाला आली होती. तिने लगेच बोट दाखवलं. "बघ, बुरशी! मी म्हणत नव्हते?"

ओडीलबाई खाली वाकल्या. त्यांनी नखाने ती खरपुडी खरवडली आणि जिभेवर ठेवली.

"अगं ओडील! वेड लागलं का तुला?"

"मीठ," बाई म्हणाल्या. "नुसतं मीठ आहे हे. कडवट." मग त्यांनी टिबूचा पंजा हातात घेतला आणि बोटं फाकवली. केसांच्या मुळाशी तीच पांढरी खरपुडी होती. त्यांनी पंजाकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि मग बहिणीकडे. रोझालीचा कप बशीवर वाजला.

जनावरांच्या डॉक्टर पेल्कीबाई एका गोठ्यावरून परतताना घरी आल्या. त्यांनी पंजे पाहिले, पोट दाबून पाहिलं, पाठीमागचे पाय हळूच ताणून पाहिले. "मिठाने तळवे पोळलेत. ते चाटून पोटात गेलंय, म्हणून तहान आणि ओकाऱ्या. वेळेवर कळलं. आणखी आठवडाभर घरचे उपाय करत बसला असतात, तर ह्याला दवाखान्यात ठेवावं लागलं असतं." मग ओट्यावर सोललेल्या लसणाकडे त्यांचं लक्ष गेलं. "हे कुणासाठी?"

"टिबूच्या जेवणात," रोझाली हळूच म्हणाली. "पिसवांवर. नैसर्गिक आहे ना."

"कुत्र्याला लसूण विषासारखा. नैसर्गिक असला तरी. ओट्सचं पाणी चालेल. भोपळा थोडा चालेल, पण बिनसाखरेचा. पाय मात्र बाहेरून आला की प्रत्येक वेळी कोमट पाण्यात बुडवा आणि बोटांमधून कोरडे करा. जाण्याआधी तळव्यांना मधमाशांचं मेण चोळा. आणि पायऱ्यांवर वाळू टाका, नाही तर राख."

"राख," ओडीलबाई म्हणाल्या, आणि एवढंच म्हणाल्या.

मी जिंकलो होतो! आता ती गादी पिंपात जाणार, असं मला वाटलं. पण डॉक्टरबाई दारातून वळल्या. "आणि हो, ह्याच्या कमरेचे सांधे आखडलेत. वय झालं. झोपायला मऊच द्या. ती गादी चांगली आहे."

चांगली आहे म्हणे! मला एका बाजूला, भिंतीशी, गुंडाळून ठेवलं. टिबू आता शहाण्यासारखा गादीवर झोपायला लागला, कारण त्याची कंबर खरंच दुखत होती. मी कोपऱ्यातून बघायचो. कोमट पाण्याच्या घमेल्याचा हेवा, मेणाच्या डबीचा हेवा, त्याचे पाय पुसणाऱ्या फडक्याचा हेवा. पण सगळ्यांत मोठा हेवा पिस्तारंगाचा. तळवे भरून आले, पोट ठीक झालं, शेपटी हलायला लागली, आणि ह्यातलं काहीच माझ्यावर घडत नव्हतं.

मग एका सकाळी टिबू गादीवरून उठायला गेला. गुळगुळीत लाकडी जमिनीवर गादी सरकली, मागचे पाय फाकले आणि तो कोसळला. मी किती वेळा मनात म्हटलं होतं, की ह्या गादीची फजिती व्हावी! झाली. पण टिबू असा केकाटला की मला काही गोड वाटलं नाही. तो उठू बघत होता आणि पाय पुन्हा पुन्हा घसरत होते.

रोझालीबाई तेव्हा राखेची बादली घेऊन आत आल्या होत्या. होय, बाई. आता मी त्यांना बाई म्हणतो. बादली टाकून त्या धावल्या, टिबूला पोटाखाली हात घालून उभं केलं. मग सरळ कोपऱ्यात आल्या आणि मला उचललं. बाहेर नेऊन कोरड्या बर्फात पालथा घातला आणि त्याच एकदा मोडलेल्या मनगटाने इतका झोडला, की माझ्यातलं मीठही गेलं आणि रागही बराचसा गेला. आत आणून, गुडघे टेकून, त्यांनी मला जमिनीवर नीट पसरलं. आणि माझ्या छातीवर ती गादी ठेवली.

माझ्या छातीवर! मित्रांनो, कल्पना करा. जिचं तोंड बघवत नव्हतं, तिला अंगावर घेऊन पडायचं. पण माझी लोकर जमिनीला घट्ट धरते. गादी आता तसूभर सरकत नव्हती.

"थांब," ओडीलबाई म्हणाल्या. "जरा मागे घे गं गादी. लाल झाकलं गेलं."

रोझालीबाईंनी मान वर केली. मग गादी मागे ओढली, लाल वेटोळं उघडं पडेपर्यंत. टिबू आला. गादीवर चढला, गोल फिरला, बसला, आणि मान लांब करून हनुवटी लालवर टेकवली. रोझालीबाई तिथेच, माझ्या कडेवर बसून राहिल्या. थोड्या वेळाने ओडीलबाई पत्ते घेऊन आल्या आणि दुसऱ्या कडेवर बसल्या.

अजूनही आम्ही असेच आहोत. म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. तुमचं जनावर पाय चाटायला लागलं, तर आधी ते कुठून चालत आलं ते बघा. पाय धुवा, पुसा, आणि दोन दिवसांत बरं नाही वाटलं तर डॉक्टरला बोलवा. म्हाताऱ्या पायांखाली घसरणार नाही असं काहीतरी अंथरा. आणि घरातलं जुनं काही जाळायला काढाल, तेव्हा त्याच्यावर कोण झोपतं ते एकदा विचारा.

हेवा गेला का म्हणता? छे हो. टिबू उठतो तेव्हा पहिलं पाऊल माझ्यावर पडतं, ते मी रोज जपतो. बाकी सगळं अंग गादीने घ्यावं. हनुवटी माझी.