पिंटूचे खरे वजन

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्यासोबत कल्पना करा. तुम्ही दीड वर्षाचे आहात. कोणीतरी तुम्हाला निळ्या कापडाच्या चड्डीत बसवते, चड्डीचे पट्टे एका आकड्याला अडकवते आणि हात सोडून देते. पाय जमिनीला लागत नाहीत. तुम्ही हवेत लोंबकळता, गोल गोल फिरता, आणि खाली दहा बाया माना वर करून तुमच्याकडे बघत असतात. काय कराल? भोकाड पसराल! आजवर माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक लेकराने हेच केले आहे. उघडा आता डोळे. तो आकडा माझा आहे.

मी एक जुना वजनकाटा आहे. सालेकसा तालुक्यात, जंगलाच्या कडेला असलेल्या एका लहानशा गावात, अंगणवाडीच्या छताच्या वाशाला मी टांगलेला असतो. गोल पांढरा चेहरा, त्यावर शून्य ते पंचवीस किलोचे आकडे आणि एक लाल सुई. पोटात एक स्प्रिंग आहे. हाच माझा सगळा संसार.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे एक चष्मेवाले काका होते. ते माझ्या आकड्याला पितळी वजन अडकवायचे, सुईकडे टक लावून बघायचे आणि "बरोबर" म्हणायचे. मग दुसरे वजन, मग तिसरे. दिवसभरात ते "बरोबर"शिवाय दुसरा शब्द बोलले नाहीत. मला वाटले, जगात एवढे एकच काम आहे, बरोबर असणे. ते मला जमत होते.

पुढे खोक्यात बसून, ट्रकमधून धक्के खात मी या गावात आलो. त्याला वीस वर्षे झाली. ज्या पोरी माझ्या चड्डीत बसून रडल्या, त्या आता आपली लेकरे घेऊन येतात आणि "हाच तो काटा" म्हणून मला हात लावून दाखवतात. मला फार बरे वाटते.

मध्ये माझ्यावर वाईट दिवसही आले. तालुक्याहून नवा चपटा काटा आला. त्याच्यावर आकडे उजेडाने उमटायचे. अंगणवाडीच्या अनुसयाबाईंनी मला उतरवून डाळीच्या कोठीमागे ठेवले. तिथे एका कोळिणीने माझ्या चेहऱ्यावर जाळे विणले. पण नव्या काट्याचे सेल सारखे संपत. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ते असे संपले, की दुकानातही मिळेनात. मग अनुसयाबाईंनी मला बाहेर काढले, पदराने पुसले आणि स्क्रू फिरवून माझी सुई शून्यावर आणली.

"बिना सेलचा बुढाच कामाचा निघाला," त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी पिंटू माझ्याकडे आला.

पिंटू अठरा महिन्यांचा होता. त्याची आई धनवंता धानाच्या मळणीला जायची, वडील कोहमाऱ्याच्या ढाब्यावर स्वयंपाकी होते आणि आठवड्यातून एकदा घरी यायचे. त्यामुळे पिंटू दिवसभर त्याच्या बहिणीच्या काखेत असायचा. तिचे नाव सोनू. ती चौथीत होती. शाळेत जाताना ती त्याला अंगणवाडीत सोडायची आणि सुट्टी झाली की धावत घ्यायला यायची.

माझी सुई आठ किलो तीनशे ग्रॅमवर थांबली. अनुसयाबाईंनी भिंतीवरच्या तक्त्यावर बोट फिरवले. त्या तक्त्यावर तीन पट्टे असतात. हिरव्यात असलेले लेकरू नीट वाढत आहे. पिवळ्यात असलेल्याकडे लक्ष हवे. लाल पट्ट्यात गेलेल्याला दवाखान्याची गरज आहे. पिंटू पिवळ्यात होता, आणि तेही लालच्या अगदी जवळ.

"धनवंता, काय खाते हा?" अनुसयाबाईंनी विचारले.

"पेज पिते. चहात बिस्कीट खाते. पुड्यातले तळलेले पोंगे तं लय आवडतेत त्याले."

"अन् मी देते ते आहाराचं पाकीट?"

उत्तर सोनूनेच हळूच दिले, "ते बकरीले आवडते."

सगळ्या बाया खो खो हसल्या. खरेच, गावात सर्वांत गुबगुबीत कोण असेल, तर धनवंताची बकरी होती.

"अन् मागच्या महिन्यात जुलाब लागले होते ना? तवा काय देल्लं?"

"काहीच नाही. पोटाले आराम पायजे ना बाई."

"आराम नाही वो, उपास घडला त्याले!" अनुसयाबाई म्हणाल्या. "पोट मोठं दिसते म्हणून लेकरू भरलेलं नसते. पुढच्या महिन्यात लाल पट्ट्यामंदी गेला, तं चौदा दिवस गोंदियाच्या दवाखान्यात भरती करा लागन. आतापासून सांगून ठेवते."

झाले. ते वाक्य सोनूने ऐकले. आणि दारात खिचडी खात बसलेल्या विक्कीनेही ऐकले. विक्की सोनूच्या शेजारचा, पाचवीतला पोरगा. तो तिच्या कानाशी लागून म्हणाला, "लाल झालं का गाडी येते. लेकराले घेऊन जाते. मंग ते लेकरू वापसच येत नाही."

सोनूचा चेहरा उतरला. तिने पिंटूला इतके घट्ट धरले, की तो ओरडला.

डिसेंबरात पुन्हा वजनाचा दिवस आला. आमच्याकडे जंगलाच्या बाजूने सकाळी बोचरी थंडी सुटते. एरवी लेकरांचे कपडे काढून वजन करतात. पण पिंटूला सर्दी होती, म्हणून अनुसयाबाईंनी त्याचा स्वेटर राहू दिला. स्वेटर सोनूचाच जुना, पिंटूच्या गुडघ्यापर्यंत येणारा, पोटावर मोठा खिसा असलेला. आई मळणीवर गेली होती. सोनू म्हणाली, "मीच बसवते त्याले चड्डीत." मी उंचावर होतो. मला वरून खिशात स्पष्ट दिसले. नाल्यातले दोन गुळगुळीत गोटे.

मित्रांनो, लेकराचे वजन हलते. ते पाय झाडते, वळते, रडताना उसळते आणि माझी सुई सोबत नाचते. गोट्यांचे वजन मात्र नुसते लोंबते. मी काय करणार? जे आकड्याला लागेल ते सांगणे, एवढेच मला येते. माझी सुई आठ किलो सातशेवर गेली. अनुसयाबाईंनी टाळी वाजवली. "शाब्बास रे पिंट्या! चारशे ग्रॅम वाढला!" त्यांनी तो आकडा आधी वहीत आणि मग मोबाईलमध्ये भरला. आयुष्यात पहिल्यांदा माझा आकडा बरोबर होता आणि खोटाही होता.

जानेवारीत थंडी वाढली, म्हणून स्वेटर अंगावरच राहिला आणि खिशात तीन गोटे होते. या वेळी धनवंताही आली होती, आणि सोबत पिंटूचे आजोबा केवलराम. पिंटूला मध्ये पुन्हा जुलाब लागले होते. सोनूने त्याला चड्डीत बसवले आणि हात सोडले. मी भोकाडाची वाट बघत होतो.

पिंटू रडलाच नाही.

मान एका बाजूला टाकून तो गपचूप लोंबत राहिला. सोनूने त्याच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. तो हसलाही नाही. माझी सुई आठ किलो नऊशे दाखवत होती.

अनुसयाबाई एकदा माझ्याकडे बघत, एकदा त्याच्याकडे. "काटा म्हणते वाढला. डोळ्याले तं वाळलेला दिसून राहिला."

"काटा बुढा झाला असन," केवलराम म्हणाले. "माणूस बुढा झाला का काहीबी बोलते, तं काटा काऊन नाही बोलन?"

"भंगारात द्याचा असन तं त्याची स्प्रिंग मले द्या," विक्कीने संधी साधली.

"तू खिचडी खाय मुकाट्यानं." अनुसयाबाईंनी पिंटूला उतरवून आईच्या मांडीवर दिले आणि कोठीतून मिठाचा एक किलोचा पुडा आणला. तो त्यांनी माझ्या चड्डीत ठेवला. माझी सुई एकवर थांबली, रेषेच्या अगदी मधोमध. मग आणखी एक पुडा ठेवला. सुई दोनवर.

"काटा तं बरोबर हाये," त्या म्हणाल्या. "म्हणजे माह्येच डोळे बिघडले. चला, चष्म्याचा नंबर वाढला असन. लिहून टाकते आठ किलो नऊशे."

त्यांनी पेन उघडले. मला त्या क्षणी तोंड असते, तर मी ओरडलो असतो. मी बरोबर ठरलो होतो, आणि त्यामुळेच पिंटूला कोणी दवाखान्यात नेणार नव्हते.

"लिहू नोका, बाई."

सोनू पुढे आली होती. तिने आईच्या मांडीवरच्या पिंटूच्या खिशात हात घातला. एक गोटा काढून जमिनीवर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा.

धनवंताचा हात वर गेला. अनुसयाबाईंनी तो मधेच धरला. "मारू नोको. पयले विचार तिले. काऊन केलं वं असं, सोनू?"

"लाल झालं का गाडी त्याले घेऊन जाते. वापस देत नाही." सोनूने पिंटूचा हात धरला. "विक्कीनं सांगतलं."

सगळे विक्कीकडे वळले. त्याच्या तोंडात घास होता. "म्या तं मजाक केली होती!" तो कसाबसा म्हणाला.

अनुसयाबाईंनी सोनूला जवळ घेतले. "गाडी नेते बेटा, अन् गाडीच आणून सोडते. माय संगच राहते त्याच्या. काटा काही लेकराले सजा नाही देत. कोणाले मदत लागते, तेवढंच सांगते."

धनवंताने पदराने डोळे पुसले. "मी बी भेतच होती बाई," ती म्हणाली. "आठ किलो नऊशे ऐकलं अन् मले बरंच वाटलं. लेकराकडं पायलंच नाही."

त्यांनी स्वेटर काढून पिंटूला पुन्हा माझ्याकडे दिले. सात किलो नऊशे. लाल. अनुसयाबाईंनी लगेच फोन लावला. दुपारपर्यंत गाडी आली.

पुढचे मी पाहिले नाही, सोनूकडून ऐकले. रविवारी केवलराम तिला सालेकशाहून रेल्वेने गोंदियाला घेऊन गेले. पहिल्या रविवारी पिंटूने तिच्याकडे नुसते पाहिले. दुसऱ्या रविवारी त्याने तिचे केस ओढले आणि ती निघाली तेव्हा भोकाड पसरले. "एवढा जोऱ्यानं रडला, बाई!" हे सांगताना सोनू हसत होती. तिथल्या सिस्टरने आईला आणि तिला बसवून समजावले होते. लेकराचे पोट त्याच्या मुठीएवढे असते. त्यात पातळ पेज भरली, की ते पाण्यानेच भरते. म्हणून थोडे थोडे, पण घट्ट खायला द्यायचे, आणि दिवसातून पाच-सहा वेळा. भातात डाळ, डाळीत मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा पाला, वरून चमचाभर तेल. कधी अंडे, कधी शेंगदाण्याचा कूट. जुलाब लागले तर मीठ-साखरेचे पाणी द्यायचे, पण जेवण थांबवायचे नाही. भरवायच्या आधी साबणाने हात धुवायचे, आपलेही आणि लेकराचेही.

चौदा दिवसांनी गाडीनेच पिंटूला घरी आणून सोडले. मुनग्याचे झाड त्यांच्याच अंगणात होते. त्याची पाने आजवर कोण खात होते, ते तुम्ही ओळखले असेलच. बकरीने आता चारा खायला सुरुवात केली आहे आणि ती जरा रुसली आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी लहान भावंड असेल. ते सारखे आजारी पडत असेल, खेळायचे सोडून नुसते बसून राहत असेल, रडायचेसुद्धा विसरले असेल, तर मोठ्या माणसांना सांगा. तुम्ही त्याच्यासोबत दिवसभर असता, म्हणून तुम्हाला ते सर्वांत आधी दिसते. आणि वजन करायला लाजू नका, घाबरूही नका. कमी आकडा कोणाची चूक म्हणून लिहिलेला नसतो. तो लिहिला, तरच उपाय सुरू होतो.

मार्च उजाडला. मोहाची फुले पडू लागली, थंडी गेली आणि स्वेटर पेटीत गेला. वजनाच्या दिवशी अंगणवाडी भरून गेली होती, कारण पिंटूचा आकडा आता साऱ्या गावाचा झाला होता. चड्डीत बसवल्याबरोबर पिंटूने असा सूर लावला, की बाहेरच्या कोंबड्या पळाल्या. पाय झाडत तो गरगर फिरला. माझी सुई नाच नाच नाचली आणि मग स्थिर झाली.

"नऊ किलो दोनशे!" अनुसयाबाई म्हणाल्या. बायांनी टाळ्या पिटल्या. मग बाईंचे बोट तक्त्यावर गेले आणि थोडे अडले. "पिवळ्यातच हाये अजून. हिरव्याले दोनशे ग्रॅम कमी."

टाळ्या थांबल्या. धनवंताचे तोंड एवढेसे झाले.

"दोनशे ग्रॅम म्हणजे काय वो बाई? दोन वांगे!" केवलराम म्हणाले. "एवढा गोंधळ घालून राहिलं लेकरू. हिरवंच लिहून टाका. कोण पायते?"

बायाही म्हणू लागल्या, "लिहा ना बाई, लिहा." अनुसयाबाई काही बोलायच्या आतच सोनू पुढे झाली.

"नाही, आबाजी. पिवळंच लिहा, बाई. दोनशे ग्रॅम मी भरवते त्याले."

अनुसयाबाईंनी लिहिले. सोनूने ओरडणाऱ्या पिंटूला माझ्या आकड्यावरून उतरवले, काखेत घेतले आणि सरळ नळाकडे नेले. आधी तिने त्याचे दोन्ही हात साबणाने चोळून धुतले, मग आपले. त्याला पायरीवर बसवून तिने ताटलीत वरणभात घेतला, तो बोटांनी घट्ट कालवला आणि पहिला घास त्याच्या तोंडाशी नेला. पिंटूने मान फिरवली. सोनू थांबली, हसली आणि तोच घास हातात धरून वाट बघत बसली.