तोंडी सांगितलेलं

वीस वर्षं मास्तरकी केल्यामुळं पोरांची नाटकं मला लांबूनच कळतात, असा माझा समज होता. पोटदुखी, चक्कर, हरवलेली वही. माझ्यापुढं कुणाची डाळ शिजत नसे.

माझी आठ वर्षांची प्रियदर्शनी रडली की तिचा उजवा हात लुळा पडायचा आणि दहा मिनिटांत ठीक व्हायचा. "अभ्यासाच्या वक्तालाच बरा पडतोय गं!" मी म्हणायचो.

गेल्या आठवड्यात कोल्हापुरातल्या आमच्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, पूजेनंतर पंगत होती. आमच्यात ताटात कण टाकत नाहीत. जुनी माणसं ताट धुऊन ते पाणीही पितात. प्रियदर्शनी गरम आमटीवर फू फू करत होती. मधेच तिचा हात मांडीवर पडला आणि ती डाव्या हातानं भात उचलायला लागली. निम्मा भात खाली सांडला. शेजारून बापूसो काका म्हणाले, "मास्तर, पोरीला वळण लावलं न्हाय वाटतं."

भर पंगतीत मी तिच्या थोबाडीत मारली. "नाटकं बंद कर! उजव्या हातानं सगळं संपवायचं."

ती रडली. तोंड एका बाजूला वाकडं झालं. "फोटो काढू काय आता?" असं विचारलं मी. मग ती कलंडली.

काल डॉक्टरीणबाईंनी तिच्या मेंदूचं चित्र दाखवलं. रक्त नेणाऱ्या वाहिन्यांत जन्मापासूनच दोष, आता त्या पार अरुंद झालेल्या. पोर रडली, जोरजोरात फुंकायला लागली, की त्या आणखी आवळतात आणि मेंदूला रक्त कमी पडतं.

"याआधी असं झालं होतं का? नीट आठवून सांगा. ऑपरेशन किती घाईनं करायचं, ते त्यावर ठरेल."

"न्हाय ओ. कधीच न्हाय," मी पटकन म्हणालो. बायको माझ्याकडं बघतच राहिली. लाजेनं माझे कान तापले, तरी तोंडातून खरं बाहेर पडेना.

"लई येळा झालंय," प्रियदर्शनी म्हणाली. "दिवाळीच्या आधीपासनं."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. "मग याच आठवड्यात करू. तोवर हिला अजिबात रडू द्यायचं नाही. कळलं ना?"

मी मान हलवली. प्रियदर्शनीनं डावा हात पुढं केला.

"कागदावर लिहून द्या की," ती म्हणाली. "पप्पांना तोंडी सांगितलेलं खरं वाटत न्हाय."