दोन टेबलांमधला समुद्र

लडाखहून आणलेल्या खडकातले शंख दर तपासणीला तरुण होत होते. शंख वाळूच्या कणाएवढे. खडकाच्या ज्या थरात ते संपतात तिथे समुद्र संपला, दोन खंड एकमेकांवर आदळले आणि एक दुसऱ्याखाली गेला, असं धरतात. त्या थराचं वय काढणं माझं काम. आधी ते पाच कोटी वर्षं आलं, मग त्याच खडकाने दोन कोटी सांगितलं. सोमवारी त्यात अशी जात दिसली, जी आजही वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर जिवंत सापडते.

खडकाचे पातळ काप काढून काचेवर चिकटवतो तो विद्याधर. माझ्यासमोरच बसतो.

“माझ्या काचा बदलतोस का?” मी विचारलं.

“कशाला बदलू?” त्याने मान वर केली नाही. “तू टेबल पुढे का सरकवतेस ते सांग.”

टेबलं खरंच जवळ आली होती. पूर्वी मधून दोघं सहज जायची, आता अंग चोरावं लागे. मला वाटलं, सरकवतो तोच. मी दोन्ही टेबलांच्या पायांभोवती खडूने खुणा केल्या. सकाळी खुणा जागच्या जागी होत्या. मधली फरशांची एक रांग नव्हती.

मी विभागप्रमुख कामतबाईंना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं.

“आता एक जण खाली जाणार,” त्या म्हणाल्या.

“कोण, ते कोण ठरवणार?”

“ठरवायचं काय त्यात? जड असेल तो जातो.”

त्या दिवशी मी डबा उघडला नाही. विद्याधरनेही नाही. त्याने कपाटातली पुस्तकं बाहेर नेली, मी नमुन्यांच्या पेट्या नेल्या. दुपारी माझ्या खणात एक दगड सापडला. माझा नव्हता. विद्याधर हात धुवायला गेला तेव्हा मी तो त्याच्या खणात ठेवला. परत येऊन त्याने खण उघडला, बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिला.

मधल्या फटीत पाणी साचलं होतं, खारट. मी थेंब उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. शंख जिवंत होते, हलत होते. मी रोज थेंब बघू लागले. शंख कमी होत गेले.

आज थेंबात काहीच नव्हतं.

“समुद्र संपला?” विद्याधरने विचारलं.

मी “नाही” म्हणाले. त्याला ते पटलं नाही.

टेबलं एकमेकांना लागली. जमीन मधोमध उचलली गेली आणि माझी खुर्ची मागे कलली. त्याचीही कलली असावी, पण तो शांत बसला होता. टेबलावरून त्याने हात पुढे केला.

“धर,” तो म्हणाला.

“वर ओढणार आहेस ना?”

“आधी धर तर.”

मी धरला. हात फार जड होता.